सहा हजारांवर चित्रं तयार झाली, ग्रंथ मात्र निघालाच नाही: होसे सेलेस्टिनो मुटिसची गोष्ट

हिवताप म्हटला की कोयनेल, हे आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला पाठ होतं. कडू जहर गोळी, पण ताप उतरायचा. हे कोयनेल म्हणजे क्विनाइन, ते सिंकोना नावाच्या झाडाच्या सालीतून निघतं, आणि हे झाड मूळचं आपल्याकडचं नाहीच, ते दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या डोंगरांतलं. इंग्रजांनी १८६० नंतर निलगिरीत आणि दार्जिलिंगच्या बाजूला त्याचे मळे लावले म्हणून ते आपल्यापर्यंत आलं. पण त्याच्या शंभर वर्षं आधी एक स्पॅनिश डॉक्टर अँडीजमध्ये जाऊन बसला, याच सालीच्या मागे लागला, आणि तिच्या निमित्ताने अख्ख्या प्रदेशातली झाडं एकेक करून रंगवून घेऊ लागला. त्याचं नाव होसे सेलेस्टिनो मुटिस. आपल्याकडे त्याच्याबद्दल कोणी फारसं लिहीत नाही, म्हणून हा लेख.

आधी एक प्रश्न सोडवून टाकू, म्हणजे पुढचं सगळं कळायला सोपं जाईल. अठराव्या शतकात एखादा राजा फुलांची चित्रं काढायला तिजोरीतून पैसे का देईल?

कारण तेव्हा झाडं म्हणजे थेट पैसा होता. दालचिनी सिलोनची, आणि सिलोन डचांच्या ताब्यात. चहा चीनचा. स्पेनकडे अमेरिकेत प्रचंड मुलूख होता पण तिथल्या रानात नेमकं काय उगवतं याची धड यादीसुद्धा नव्हती. त्यामुळे स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याच्या काळात असं ठरत गेलं की माणसं पाठवायची, झाडं शोधायची, नावं लावायची, औषधी कुठलं, रंगाचं कुठलं, मसाल्याचं कुठलं ते ठरवायचं, आणि जमलं तर दुसऱ्या देशांकडून विकत घ्यायचा माल आपल्याच वसाहतीतून काढायचा. १७७७ मध्ये पेरू आणि चिलीकडे एक मोहीम निघाली, १७८३ मध्ये आजच्या कोलंबियाच्या भागात दुसरी, १७८७ मध्ये मेक्सिकोकडे तिसरी. मुटिस या दुसऱ्या मोहिमेचा प्रमुख. म्हणजे वनस्पतिशास्त्र हे तेव्हा सरकारी खातंच म्हणायला हरकत नाही, आणि त्या खात्यात ज्ञानाची भूक आणि साम्राज्याची भूक एकाच ताटात जेवत होती, हे विसरून मुटिसकडे बघता येत नाही.

मुटिसचा जन्म १७३२ चा, कादिस या बंदराच्या गावातला. अमेरिकेकडे जाणारी-येणारी जहाजं बघतच तो मोठा झाला असणार. तो सर्जरी शिकला, मग मेडिसिन शिकला, पुढे माद्रिदला जाऊन तिथल्या शाही बागेत वनस्पतिशास्त्र शिकला. १७६० मध्ये नुएवा ग्रानाडा नावाच्या वसाहतीला (साधारण आजचा कोलंबिया, पनामा, इक्वेडोर, व्हेनेझुएला हा भाग) नवीन व्हाइसरॉय निघाला होता, त्याचा खासगी डॉक्टर म्हणून मुटिस जहाजात चढला. वय २८. तिथून पुढे ४८ वर्षं तो जगला, पण युरोपात परत कधीच गेला नाही.

वसाहतीच्या राजधानीला, बोगोटाला, पोचल्यावर लगेच झाडांचं काम सुरू होईल असं त्याला वाटलं होतं. १७६३ मध्ये त्याने राजाला सविस्तर अर्ज पाठवला, की इथल्या निसर्गाचा पूर्ण अभ्यास करायला मोहीम काढा, क्विना (म्हणजे सिंकोनाची साल) आहे, दालचिनी आहे, रंग आहेत, लाकूड आहे. पुढच्या वर्षी परत पाठवला. हालचाल काही नाही. मग जवळपास २० वर्षं हा माणूस बाकीचं सगळं करत राहिला: रोगी तपासले, रोसारियो कॉलेजात गणित शिकवलं, तिथे कोपर्निकसचा सिद्धांत शिकवला म्हणून डोमिनिकन पाद्र्यांशी वाद ओढवून घेतला, चांदीच्या खाणींत जाऊन राहिला, न्यूटनच्या ग्रंथाच्या काही भागाचं स्पॅनिशमध्ये भाषांतर केलं, आणि १७७२ मध्ये स्वतःच पाद्री झाला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे ठामपणे शिकवणारा पाद्री. आपल्याला हे विचित्र वाटतं, पण त्याला स्वतःला यात विसंगती वाटत होती असं त्याच्या आयुष्याकडे बघून दिसत नाही.

या वीस वर्षांत एक धागा मात्र तुटला नाही, तो म्हणजे स्वीडनच्या लिनियसशी पत्रव्यवहार. लिनियस कोण ते थोडक्यात सांगतो. त्याच्या आधी एकेका झाडाचं शास्त्रीय नाव म्हणजे लॅटिनमधलं लांबलचक वाक्य असायचं, आणि प्रत्येक पंडिताचं वेगळं. लिनियसने ठरवलं, दोनच शब्द. पहिला वंशाचा, दुसरा त्या जातीचा. आपल्याकडे आडनाव आणि नाव असतं तसंच, फक्त आडनाव आधी. आणि वर्गवारी कशावरून करायची, तर मुख्यतः फुलातले पुंकेसर आणि स्त्रीकेसर मोजून. ही पद्धत सोपी होती, कुठेही बसून वापरता येत होती, म्हणून ती जगभर पसरली. मुटिस बोगोटाहून त्याला वाळवलेली झाडं आणि चित्रं पाठवायचा, क्विनाची पण पाठवली. लिनियसने त्याला मुंग्यांबद्दलसुद्धा विचारलं तर मुटिसने मुंग्यांचं निरीक्षण करून पानंच्या पानं लिहून काढली. पत्राला समुद्र ओलांडायला महिनोनमहिने लागायचे, पत्रं वाटेत हरवायची, तरी हे चालू राहिलं. अँडीजमधल्या एका सुंदर वेलीच्या वंशाला मुटिसचं नाव द्यायचं लिनियसने ठरवलं. लिनियस १७७८ मध्ये वारला, पुढे त्याच्या मुलाने ते छापलं, आणि आजही त्या वंशाचं नाव मुटिसिया हेच आहे.

आता क्विना, कारण सगळ्या गोष्टीचा पैशाचा भाग इथे आहे.

हिवताप कशाने होतो हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. परजीवी जंतू लव्हरान नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८८० मध्ये पाहिला, आणि डास त्याचा वाहक आहे हे रोनाल्ड रॉसने १८९७ मध्ये सिकंदराबादला दाखवलं. मुटिसच्या काळात एवढंच ठाऊक होतं की एक दिवसाआड किंवा दोन दिवसाआड थंडी वाजून येणारा ताप या सालीने जातो. ती का काम करते ते आज आपण सांगू शकतो: हा जंतू लाल पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो, त्यातून उरणारा लोहयुक्त भाग जंतूलाच विषारी असतो म्हणून तो त्याचे निरुपद्रवी खडे करून ठेवतो, आणि क्विनाइन या खडे करण्याच्या कामात अडथळा आणतं, त्यामुळे जंतू स्वतःच्याच उरल्यासुरल्या विषाने मरतो असं मानलं जातं. सतराव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी ही साल युरोपात पोचवली आणि मागणी एवढी वाढली की चांगली साल कुठली आणि भेसळ कुठली हा सरकारच्या चिंतेचा विषय झाला. सगळ्यात नावाजलेली साल लोखाची, म्हणजे आजच्या इक्वेडोरमधली. तिथून ती पॅसिफिक किनाऱ्याने, लांबच्या वळशाने स्पेनला जायची.

तर मुटिसचं म्हणणं असं की ही झाडं बोगोटाजवळही आहेत, १७७२ मध्ये मी ती पाहिली, आणि इथून माल अटलांटिकमार्गे पाठवणं जास्त सोपं. पण सेबास्टियान लोपेस रुईस नावाचा पनामाचा डॉक्टर उभा राहिला आणि म्हणाला, शोध माझा. दोघांचं भांडण वर्षानुवर्षं चाललं, अर्ज, उलट अर्ज, माद्रिदपर्यंत. मला हे भांडण महत्त्वाचं वाटतं कारण यात नुसता मान नव्हता, शोध ज्याचा त्याला सरकारी नेमणूक आणि पगार. शिवाय ज्या डोंगरात ते झाड होतं तिथे राहणाऱ्या, साल सोलणाऱ्या माणसांना झाड आधीपासून माहीतच असणार, पण त्यांच्यापैकी कोणाचाही दावा त्या कागदांवर नव्हता.

मुटिसने पुढे क्विनाचे चार प्रकार पाडले: नारिंगी, लाल, पिवळी आणि पांढरी. प्रत्येकीचा गुण वेगळा, प्रत्येक वेगळ्या प्रकारच्या तापाला. १७९३-९४ मध्ये बोगोटाच्या एका साप्ताहिकात त्याने हे लेखमालेसारखं छापलं. खरं सांगायचं तर यात तो बराच चुकला. सालीची किंमत रंगावर ठरत नाही, आत क्विनाइन किती यावर ठरते, आणि ते मोजणं शक्यच नव्हतं कारण क्विनाइन वेगळं काढलं गेलं १८२० मध्ये, पॅरिसमध्ये, पेलेतिए आणि कावांतू या दोघांनी. मुटिसच्या चारातली काही झाडं तर आज सिंकोना वंशात धरलीच जात नाहीत. पेरूच्या मोहिमेवाले त्याच्यावर तुटून पडले होते ते काही अगदीच उगाच नाही. पण कुठलं झाड कुठलं हे नीट ओळखल्याशिवाय औषधाला अर्थ नाही हा त्याचा आग्रह मात्र बरोबर होता.

१७८३ मध्ये अखेर मोहिमेला मंजुरी आली. तोपर्यंत मुटिस ५१ वर्षांचा झालेला. नवीन व्हाइसरॉय काबायेरो ई गोंगोरा हा आर्चबिशपही होता, त्याने मुटिसला उचलून धरलं, आधी आपल्या अधिकारात काम सुरू करून दिलं आणि मग राजाची सही आणली. मोहीम म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर घोडे, तंबू, रोज नवा मुक्काम असं येतं, ही तशी नव्हती. मुटिसने मारिकिटा नावाच्या उष्ण हवेच्या गावात ठाण मांडलं आणि १७९१ पर्यंत तिथेच राहिला, नंतर सगळा संसार बोगोटाला हलवला. माणसं रानात जायची, झाडं आणायची, आणि घरात चित्रकार बसायचे.

हे चित्रकार म्हणजे माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोठी गोष्ट. माद्रिदहून मागवलेल्यांपैकी फारसं कोणी टिकलं नाही. मग मुटिसने आजच्या इक्वेडोरमधल्या क्विटोहून चित्रकार आणले, कारण क्विटोत देवादिकांची चित्रं आणि मूर्ती घडवणाऱ्यांची जुनी परंपरा होती, हात तयार होते. स्थानिक पोरं घेऊन त्यांना शिकवलं, चित्रकलेची मोफत शाळाच काढली. एकूण सगळे मिळून ४० च्या आसपास लोकांनी तिथे काम केलं, त्यातले बहुतेक अमेरिकेतच जन्मलेले. साल्वादोर रिसो हा मोम्पोक्सचा, मिश्र वंशाचा माणूस, चित्रकारही होता आणि सगळा कारभारही त्याच्याकडेच. फ्रान्सिस्को हावियेर माटिस हा ग्वादुआसचा, त्याला हुम्बोल्ट या जर्मन शास्त्रज्ञ-प्रवाशाने जगातला सर्वोत्तम फुलचित्रकार म्हटलं होतं, आणि हुम्बोल्ट काही उगाच कौतुक वाटत फिरणारा माणूस नव्हता.

चित्रांची पद्धत बघा. कागद मोठा, साधारण ५४ सेंटीमीटर उंच आणि ३८ रुंद. झाडाची एक फांदी पानभर, अगदी तोलून मांडलेली. एखादं पान मुद्दाम उलटं वळवलेलं, म्हणजे खालची बाजू, शिरा, लव दिसावी. आणि खाली फुलाचे सुटे भाग, पुंकेसर, बीजकोश, फळ, बी, कारण लिनियसची मोजणी तिथेच करायची असते. रंग बरेचसे तिथल्याच वनस्पती आणि मातीतून केलेले. रंगीत चित्राबरोबर बऱ्याचदा त्याचीच एकरंगी प्रत, ती तांब्याच्या पत्र्यावर कोरणाऱ्या कारागिरासाठी, म्हणजे पुढे ग्रंथ छापता यावा म्हणून. अशी सहा हजारांहून जास्त चित्रं तयार झाली. वाळवलेल्या झाडाचा रंग उडतो, ओलं झाड तर जहाजात सडून जातं, त्यामुळे युरोपातल्या शास्त्रज्ञाला झाड जिवंत बघायचं असेल तर चित्र हाच एक रस्ता होता.

माटिसची एक गोष्ट सांगायलाच हवी. मारिकिटाच्या बाजूला पिओ नावाचा एक काळा गुलाम होता, त्याला ग्वाको नावाच्या वेलीचा पाला माहीत होता, त्याचा रस टोचून घेतला की विषारी साप चावला तरी काही होत नाही असं तो म्हणायचा आणि साप हातात धरून दाखवायचा. १७८८ मध्ये मोहिमेच्या लोकांसमोर प्रयोग झाला, माटिसने तो रस स्वतःला टोचून घेतला आणि साप चावून घेतला, आणि वाचला. बातमी खूप पसरली, ग्वाको प्रसिद्ध झालं. (साप चावल्यावर पूर्ण विष शरीरात जातंच असं नसतं, त्यामुळे एवढ्याने औषध सिद्ध होत नाही. साप चावला तर हॉस्पिटल आणि अँटीव्हेनम, दुसरं काही नाही.) मला यात पिओ महत्त्वाचा वाटतो. मोहिमेच्या ज्ञानाचा केवढा तरी भाग अशा माणसांकडून आलेला असणार, आणि त्यांतल्या फार थोड्यांची नावं कागदावर आली.

१८०१ मध्ये हुम्बोल्ट आणि त्याचा सोबती, फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ बोंप्लां, बोगोटाला आले. त्यांना जायचं होतं क्विटो आणि पेरूकडे, पण मुटिसचा संग्रह बघायचा म्हणून त्यांनी माग्दालेना नदीवरून उलट्या प्रवाहाने आठवडेच्या आठवडे प्रवास करणं पत्करलं. मुटिस तेव्हा ६९ वर्षांचा. पाहुण्यांना त्याने सगळं उघडून दाखवलं, चित्रं भेट दिली. बोंप्लांला ताप होता म्हणून मुक्काम दोन महिने लांबला. लंडनच्या जोसेफ बँक्स या निसर्गशास्त्रज्ञाच्या लायब्ररीनंतर वनस्पतींची एवढी मोठी लायब्ररी मी पाहिली नाही असं हुम्बोल्टने लिहून ठेवलंय. आणि पुढे पॅरिसला गेल्यावर या दोघांनी आपला वनस्पतींचा ग्रंथ मुटिसला अर्पण केला, त्याच्या चित्रासकट.

पण स्वतः मुटिसचा ग्रंथ? तो निघालाच नाही. आणि हे का वाईट ते समजायला शास्त्रातला एक नियम माहीत हवा. नवीन झाड कोणी आधी पाहिलं याला शास्त्रात किंमत नाही, कोणी आधी वर्णन छापलं याला आहे. तुमच्या कपाटात तीस वर्षं चित्र पडलेलं असेल आणि दुसऱ्याने काल वर्णन छापलं तर नाव त्याने दिलेलंच चालतं. त्यामुळे मुटिसच्या घरात रंगवलेली कितीतरी झाडं पुढे दुसऱ्यांच्या नावावर नोंदली गेली. का नाही छापलं त्याने? काम वाढतच जायचं, एक जात झाली की दहा नव्या यायच्या, वय झालं होतं, शिवाय ग्रंथ पूर्ण आणि निर्दोष हवा हा हट्ट. चित्रकार पुढे पळत होते आणि लिखाण मागे राहत होतं. तो गेल्यावर मोहिमेतल्याच फ्रान्सिस्को होसे दे काल्दास या शास्त्रज्ञाने कागद पाहिले तेव्हा चित्रांच्या मानाने वर्णनं किती थोडी आहेत हे उघड झालं. मला मुटिसबद्दल कितीही आदर असला तरी हे अपयश त्याचंच आहे, सरकारवर किंवा नशिबावर ढकलता येत नाही. राजाचा पैसा होता, माणसं होती, २५ वर्षं होती.

मुटिस ११ सप्टेंबर १८०८ ला बोगोटात वारला. त्याआधी १८०३ मध्ये मोहिमेच्या बागेतच त्याने वेधशाळा उभी करून घेतली होती, ती अजून तिथे आहे, आणि तिचा कारभार काल्दासकडे होता. पण झाडं शिकायला आणि तारे मोजायला जमलेली ही पोरं नुसती झाडं आणि ताऱ्यांवरच बोलत होती असं नाही. आपला देश, त्याचे डोंगर-नद्या, त्याची संपत्ती आपल्याला माहीत आहे मग तो आपण का चालवू नये, हे बोलणं तिथे सुरू झालं, आणि १८१० च्या स्वातंत्र्याच्या उठावाआधीच्या गुप्त बैठकी त्या वेधशाळेत झाल्या. ज्या मोहिमेने राजाची तिजोरी भरायची होती तिने राजाविरुद्ध लढणारे तयार केले.

त्याची किंमत फार मोठी पडली. १८१६ मध्ये स्पॅनिश सेनापती पाब्लो मोरियोने बोगोटा परत जिंकलं आणि मोहिमेतली माणसं एकामागून एक गोळ्या घालून मारली. प्राण्यांचा विभाग बघणारा होर्हे तादेओ लोसानो जुलैमध्ये. साल्वादोर रिसो ऑक्टोबरमध्ये. काल्दास ऑक्टोबरच्याच अखेरीस. मुटिसचा पुतण्या सिन्फोरोसो कैदेत होता, त्यालाच बसवून सगळी चित्रं आणि वाळवलेली झाडं लावून घेतली, आणि शंभरहून जास्त पेट्या भरून १८१७ मध्ये माद्रिदला नेल्या. हा भाग वाचताना मला दर वेळी थांबायला होतं, रिसोने आयुष्य घालवून सांभाळलेली चित्रं पेट्यांत भरली जात होती आणि रिसो नव्हता.

माद्रिदच्या शाही वनस्पती उद्यानात त्या पेट्यांचा माल वर्षानुवर्षं जवळजवळ तसाच पडून राहिला. मधे एक गंमतशीर योग आला: क्लेमंट्स मार्कहम, म्हणजे सिंकोनाची रोपं दक्षिण अमेरिकेतून काढून भारतात आणणारा तोच इंग्रज अधिकारी, त्याने १८६७ मध्ये लंडनला मुटिसची क्विनाची वर्णनं छापली, कारण निलगिरीच्या मळ्यांसाठी कुठली जात चांगली हे जाणून घ्यायची गरज होती. म्हणजे मुटिसचं लिखाण आपल्या कोयनेलच्या गोष्टीत असं मागच्या दाराने का होईना आलेलं आहे. पुढे १८८० च्या सुमारास होसे त्रियाना या कोलंबियन वनस्पतिशास्त्रज्ञाने माद्रिदला बसून चित्रांतली झाडं ओळखायचं काम हाती घेतलं. आणि शेवटी १९५२ मध्ये कोलंबिया आणि स्पेन या दोन सरकारांनी करार केला, की ही चित्रं दोघं मिळून छापायची. पहिला खंड निघाला १९५४ मध्ये, मुटिस जाऊन १४६ वर्षांनी. तेव्हापासून एकेक खंड निघतोय, एकेका कुळाची झाडं आजचे तज्ज्ञ तपासतात, बरोबर नाव लावतात आणि मग छापतात, त्यामुळे वेळ लागतो.

चित्रं माद्रिदच्या उद्यानाने स्कॅन करून इंटरनेटवर टाकली आहेत, फुकट बघता येतात. बघाल तेव्हा कृष्णकमळाच्या जातीची चित्रं आधी काढा, ऑर्किडची नंतर, आणि मुटिसियाचं चुकवू नका. नुसता रंग बघून पुढे जाऊ नका, खालच्या कडेला फुलाचे जे सुटे भाग काढलेत ते झूम करून बघा, आणि कुठे चित्रकाराची सही सापडते का तेही बघा, काही कागदांवर ती आहे.